तुळशीच्या कुंडीतली रिक्सिया

जुलैचा शेवटचा आठवडा आला की शेजारच्या काकू गॅलरीतून वाकून हमखास सांगतात, “अहो, तुमच्या तुळशीला शेवाळ धरलंय. खरवडून टाका, नाहीतर मूळ कुजेल.” मी “हो काकू, रविवारी बघतो” म्हणतो. रविवार येतो आणि जातो. काकूंचा जीव तुळशीवर, माझा तिच्या बुडाशी पसरलेल्या हिरव्या चकत्यांवर. शिवाय ते शेवाळ नाहीच. पण हे गॅलरीतून गॅलरीत ओरडून कसं सांगणार? म्हणून इथे सांगतो.

चकती जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी, कधी त्याहूनही लहान. मातीला अशी चिकटलेली की नखाने उचलायला गेलात तर मातीचा पापुद्रा सोबत येतो. उभं राहून पाहिलं तर नुसता हिरवा डाग दिसतो. उकिडवं बसून दहापटीचं भिंग लावलं की डागाचे भाग सुटे होतात. मधून बाहेर निघालेले चपटे फाटे, प्रत्येक फाटा दोन-तीन मिलिमीटर रुंद, आणि प्रत्येकाच्या टोकाला गलोलीची बेचकी. त्या बेचकीच्या दोन्ही टोकांना पुन्हा बेचक्या. फाट्याच्या मधोमध एक बारीक पन्हळ गेलेली. पृष्ठभाग साखर भुरभुरल्यासारखा चमकतो, आणि काही जातींत कडेला जांभळट झाक असते, अळूच्या देठाला असते तशी.

हिचं नाव रिक्सिया. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात फ्युनारिया, मर्केंशिया, अँथॉसिरॉस यांच्या रांगेत हे नाव येतं. आपण ते परीक्षेपुरतं पाठ करतो आणि पेपर देऊन घरी येताना ज्या ओल्या वाटेवरून चालतो, तिच्यावर बहुधा हीच पसरलेली असते.

आधी ‘शेवाळ’ या शब्दाचा गुंता सोडवू. जे हिरवं, ओलं आणि बिनफुलाचं, ते मराठीत सरसकट शेवाळ. कोकणात पावसाच्या तोंडावर भाजीला मिळतात ती शेवळं पुन्हा निराळी. तो सुरणाचा रानटी भाऊबंद, त्याचा इथे काही संबंध नाही. गच्चीवर ज्याच्यावरून पाय घसरतो तो बुळबुळीत थर शैवलांचा आणि निळ्या-हिरव्या जिवाणूंचा. भिंतीवर जी मखमल उगवते ती मॉस, विश्वकोशाच्या भाषेत हरिता. गोडा मसाल्यात पडतं ते दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. त्यात ना दगड ना फूल. आणि आपली रिक्सिया ही यकृतका. मॉस, यकृतका आणि शिंगासारखे कोंब काढणाऱ्या शृंगका ही तीन भावंडं मिळून ‘शेवाळी’ नावाचा गट होतो. म्हणजे काकू अगदीच चुकीचं बोलत नाहीत, एका वेलांटीची चूक आहे.

यकृतका हे नाव युरोपातून आलेल्या एका जुन्या समजुतीचं भाषांतर आहे. वनस्पतीचा आकार ज्या अवयवासारखा, त्या अवयवावर ती औषध, असं तिथले वैद्य धरून चालत. मर्केंशिया या यकृतकेचे पसरट फाटे यकृतासारखे दिसले, म्हणून ती यकृताची दवा ठरली. आपल्याकडेही हा मोह सुटलेला नाही. हिमालयाच्या काही भागांत रिक्सिया वाटून गजकर्णावर लावतात, आणि त्यामागे हिच्या गोल चकत्या गजकर्णाच्या चट्ट्यासारख्या दिसतात हे कारण सांगितलं जातं. चट्टा गोल आणि चकती गोल, एवढ्यावर औषध ठरवायचं तर भाकरीनेही गजकर्ण बरं व्हायला हवं. रिक्सिया हे नाव मात्र माणसावरून आलं. फ्लॉरेन्सच्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १७२९ साली आपल्या ग्रंथात ते रिच्ची नावाच्या एका गृहस्थांवरून दिलं. त्या हिशेबाने खरा उच्चार ‘रिच्चिया’ व्हायला हवा. पण आता कोण ऐकणार?

जगात यकृतकांच्या सात हजारांवर जाती आहेत. त्यातल्या बहुसंख्य चपट्या नसून पानं असल्यासारख्या दिसतात, आणि आंबोली-महाबळेश्वरच्या झाडांच्या सालींवर इतक्या नाजूक पसरलेल्या असतात की भिंगाशिवाय कळत नाहीत. रिक्सिया त्या मानाने ढोबळ. तिच्या इथल्या जाती परक्या नाहीत, कोणी आणून लावलेल्या नाहीत. त्या इथल्याच मातीतल्या आहेत.

आता तिच्या मुख्य गोष्टीकडे येतो. ती गोष्ट म्हणजे पाणी.

आंब्याच्या झाडाचं पाण्याशी असलेलं नातं रांजणासारखं असतं. मुळांनी खालून पाणी ओढायचं, खोडातल्या नळ्यांनी वर चढवायचं, पानांवर मेणाचा थर देऊन ते जपायचं आणि पानांची छिद्रं गरजेनुसार उघडायची-मिटायची. बाहेर कितीही ऊन असो, रांजणात पाणी हवं. रांजण आटला की झाड मेलं. रिक्सियाने हा खटाटोपच केलेला नाही. तिला मुळं नाहीत, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नाहीत, उघडमीट करणारी पर्णरंध्रं नाहीत. खालच्या बाजूला केसांसारखे मूलाभ आहेत, ते मुख्यतः मातीला धरून राहण्यासाठी, आणि त्यांच्या आधाराने थोडं पाणी अंगाखाली सरकतं. बाकी ती अख्ख्या अंगाने पाणी पिते. तिचं नातं दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यासारखं आहे. पाऊस आला की भिजली, ऊन आलं की सुकली. फडक्यात आणि तिच्यात फरक एवढाच, की ती भिजल्यावर पुन्हा जगायला लागते.

हे मी वाटीत करून पाहिलंय, आणि कुणालाही जमेल असं आहे. ऑक्टोबरमध्ये कडा आत वळवून घेणारी, जाडसर फाट्यांची रिक्सिया मातीच्या पापुद्र्यासकट उचलली, वर्तमानपत्रावर सावलीत सुकवली आणि पाकिटात घालून कपाटात टाकली. चार महिन्यांनी पाकीट उघडलं तेव्हा आत करड्या, सुतासारख्या आखडलेल्या रेघा होत्या. कुणीही कचरा म्हणून फुंकून टाकल्या असत्या. वाटीत ठेवून ड्रॉपरने पाणी सोडलं. पहिल्या मिनिटाला काहीच झालं नाही. मग एक कड हलली. हो, डोळ्यांदेखत हलली, पापड तेलात सोडल्यावर उलगडतो तशी, फक्त फार सावकाश. पाच-सात मिनिटांत दुमडलेल्या कडा पसरल्या, आतली हिरवी बाजू वर आली, पन्हळ दिसू लागली. अर्ध्या तासाने पाहणाऱ्याला वाटलं असतं की आत्ताच कुंडीतून काढून आणलीय.

उलगडणं हे नुसतं यांत्रिक असतं. सुकलेला स्पंजही पाणी पिऊन फुगतो. खरं काम पेशींच्या आत चालतं. साध्या वनस्पतीची पेशी पूर्ण सुकली की तिची पातळ आवरणं एकमेकांना चिकटतात, फाटतात आणि पाणी मिळताच आतलं सगळं बाहेर गळतं. सुकलेली पालकाची जुडी पाण्यात ठेवून ताजी होत नाही ती यामुळे. सुकणं सोसणाऱ्या शेवाळी वनस्पतींच्या पेशींत मुबलक शर्करा असते. पाणी निघून जात असताना ती आवरणांना आणि प्रथिनांना आपापल्या जागी धरून ठेवते, पाकात मुरवलेल्या आवळ्याचा आकार टिकतो तसं काहीसं. पुन्हा पाणी मिळालं की थोडी गळती होतेच, आणि पेशी आधी डागडुजीला लागते. डागडुजी संपली की मग प्रकाशसंश्लेषण, म्हणजे कमाई.

या क्रमात एक मेख आहे. डागडुजीला खर्च येतो आणि तो साठवलेल्या अन्नातून भागवावा लागतो. पाऊस दोन-तीन दिवस टिकला तर कमाई होऊन खर्च भरून निघतो. पण दहा मिनिटांची सर आली आणि पाठोपाठ कडक ऊन पडलं तर? भांडवल मोडून दुकान उघडायचं आणि गिऱ्हाईक यायच्या आत शटर ओढायचं. असं चार-पाच वेळा झालं की दिवाळं. अमेरिकेतल्या वाळवंटी पठारावर मातीवर वाढणाऱ्या एका मॉसवर असा प्रयोग झाला. उन्हाळ्यात छोट्या छोट्या सरींचं पाणी वारंवार दिल्यावर ते मॉस जगण्याऐवजी झपाट्याने मेलं. २०१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांना उलटं वाटलं होतं, पाणी देऊन झाड मरतं कसं? हिशेब मांडला की उलटं वाटत नाही. ते मॉस होतं, आपली रिक्सिया नव्हे. पण एप्रिल-मेमध्ये वळवाच्या एका सरीने कुंडीतले करडे धागे हिरवे झालेले दिसतात तेव्हा लोक खूश होतात आणि मला मात्र तो हिशेब आठवतो.

सगळ्याच रिक्सिया अशा चिवट नसतात, हेही सांगायला हवं. काही जाती पातळ, मऊ, स्पंजासारख्या असतात. पाऊस संपला की त्या कुजून मातीत मिसळतात आणि बीजाणू, म्हणजे बीचं काम करणारे सूक्ष्म कण, मागे ठेवून जातात. काही जाती हंगाम संपता संपता टोकाशी गाठीसारखे बारीक कंद धरतात. बाकीचं अंग वाळून जातं, कंद मातीत राहतो आणि पुढच्या पावसात तिथूनच फुटतो. हळदीच्या शेतात उन्हाळ्यात वर काही दिसत नसलं तरी शेतकऱ्याला खाली काय आहे ते ठाऊक असतं. तसंच हे, फक्त मोहरीच्या दाण्याच्या मापात.

फाटा आडवा कापून पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की साखर भुरभुरल्यासारखी चमक कुठून येते ते कळतं. वरची बाजू सलग नसतेच. हिरव्या पेशींचे उभे खांब एकमेकांना खेटून उभे असतात, खराटा उलटा धरल्यावर काड्या दिसाव्यात तसे, आणि खांबांमध्ये अरुंद फटी असतात. त्या फटींतून हवा खाली जाते. घरांना दारं नाहीत, नुसते बोळ. वाडा कायमचा उघडा, म्हणून पाणी धरून ठेवता येत नाही, आणि म्हणूनच ते सोडून देऊनही जगायची युक्ती लागते. हिरव्या खांबांखाली रंगहीन पेशींचा थर असतो आणि त्यात पिष्ट साठवलेलं असतं. डागडुजीचं भांडवल ते हेच.

वाढण्याची पद्धतही साधी आहे. टोकाशी वाढणारा बिंदू दोन सारख्या भागांत दुभंगतो, दोन फाटे होतात, ते पुन्हा दुभंगतात. त्याच वेळी मागचा, म्हातारा भाग कुजत येतो. कुजणं बेचकीपर्यंत पोहोचलं की दोन्ही फाटे सुटे होऊन स्वतंत्र वनस्पती बनतात. भावाभावांच्या वाटण्या व्हाव्यात तशा, पण भांडण नाही आणि सातबाराही नाही.

लैंगिक प्रजननासाठी मात्र पाणी लागतंच. म्हणून पुस्तकात या गटाला वनस्पतिसृष्टीतले उभयचर म्हटलंय. मधल्या पन्हळीत नर आणि मादी अवयव रुतलेले असतात. काही जातींत एकाच चकतीवर, काहींत नर चकती वेगळी आणि मादी वेगळी. मादी अवयवाला विश्वकोशात ‘अंदुककलश’ असा सुरेख शब्द आहे. खरोखरच तो निमुळत्या मानेचा कलश असतो आणि तळाशी एक अंड. नर पेशीला दोन शेपट्या असतात. पावसाचं पाणी पन्हळीत साचलं की ती पोहत किंवा थेंबाच्या तुषारासोबत उडून कलशापर्यंत जाते. आपल्या बोटाच्या पेराएवढं अंतर, पण तिच्यासाठी तो पूर आलेल्या नदीचा काठ.

पुढे जे होतं ते मला रिक्सियाचं सगळ्यात वेगळं वाटतं. मॉसच्या मखमलीवर काड्यांवर धरलेल्या सूक्ष्म कुपी आपण पाहिलेल्या असतात. मर्केंशिया छत्र्या उभारते आणि तिच्या कुपीत स्प्रिंगसारखे धागे असतात, ते बीजाणू मोकळे करायला मदत करतात. रिक्सियाच्या कुपीला देठ नाही, तोंड नाही, स्प्रिंगा नाहीत. अंगातच रुतलेला एक गोल गोळा, त्यात शेकडो बीजाणू. कुपीची भिंत आतल्या आत विरून जाते आणि बीजाणू आईच्या अंगातच पडून राहतात. ते बाहेर कधी येतात? आई कुजते तेव्हा. तिजोरीला किल्लीच केलेली नाही. घर पडेल तेव्हा धन बाहेर. सप्टेंबर-ऑक्टोबरात कुंडीतल्या चकतीवर पन्हळीच्या रेषेत काळे ठिपके दिसू लागले तर त्या या तिजोऱ्या आहेत असं समजावं.

हे अडाणीपणाचं वाटतं. वाऱ्यावर सोडायला काय हरकत होती? पण जागेचा विचार करा. रिक्सिया जिथे वाढते ती जागा वर्षातले तीन-चार महिनेच ओली असते, आणि ती दरवर्षी त्याच ठिकाणी ओली होते. ज्या खळग्यात आईचं भागलं त्याच खळग्यात लेकरांचंही भागण्याचा संभव जास्त. म्हणून बीजाणू मोजके, आकाराने मोठे आणि जाड, नक्षीदार कवचाचे. ते मातीत पडून वाट पाहतात. दूर जायचंच असेल तर चिखल आहे. बैलाच्या खुराला, नांगराच्या फाळाला, चपलेच्या तळव्याला लागून ते जातात. गांडुळाच्या पोटातून गेलेल्या मातीतूनही शेवाळी वनस्पती उगवल्याच्या नोंदी आहेत. सुकून टिकण्याच्या बाबतीत तर हिच्या एका जातीने शास्त्रज्ञांनाच चकित केलं. संग्रहालयात कागदावर चिकटवून ठेवलेला नमुना वीस वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर भिजवला, तर त्यातून पुन्हा वाढ सुरू झाली.

एवढ्याशा जिवाचं निसर्गात काम काय, असं कुणी विचारलं की मी उत्तर दुधापासून सुरू करतो. तापवलेल्या दुधावर साय धरते. उघड्या ओल्या मातीवरही एक साय धरते: निळे-हिरवे जिवाणू, शैवलं, बुरशीचे धागे, मॉस, यकृतका आणि दगडफुलांची गुंफण. जगाच्या जमिनीपैकी सुमारे १२ टक्के भागावर अशी साय असल्याचा अंदाज आहे, त्यातली बरीचशी कोरड्या प्रदेशांत. आपल्याकडे ती पावसाळ्यापुरती धरते, आणि त्यात रिक्सियाही असते.

या सायीचं पहिलं काम म्हणजे मार खाणं. पावसाचा टपोरा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरपर्यंत असतो. उघड्या मातीवर तो पडला की कण उडतात; पावसात अंगणाच्या भिंतीवर वीतभर उंचीपर्यंत लाल शिंतोडे दिसतात ते हेच. उडालेला कण पाण्याबरोबर वाहून जातो. जिथे रिक्सियाची चकती आहे तिथे थेंब मातीवर न पडता हिरव्या अंगावर पडतो, आणि खाली मूलाभांच्या जाळ्याने वरचे काही मिलिमीटर शिवून टाकलेले असतात. काही मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण कोकणातल्या सड्यावर, कासच्या पठारावर, गोव्यातल्या जांभ्यावर कित्येक ठिकाणी मुळात मातीच तेवढी असते. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे कातळाच्या खळग्यातली चिमूटभर माती टिकते हीच नवलाची गोष्ट. ती टिकली तर गेंद, सीतेची आसवं, तेरडा यांचं बी रुजायला जागा मिळते. कासला फुलांचे फोटो काढणाऱ्यांच्या गुडघ्याखाली मातीचा हा कारखाना चालू असतो.

दुसरं काम मरण्याचं. हंगामाच्या शेवटी चकत्या कुजतात आणि खळग्यातल्या मातीत सेंद्रिय भर पडते, थोडी, पण दरवर्षी. एक गैरसमज इथेच काढून टाकतो. रिक्सिया स्वतः हवेतला नत्र धरत नाही. ते काम तिच्या शेजारी राहणारे जिवाणू करतात. तिच्या शेजारीच वाढणाऱ्या शृंगका त्या जिवाणूंना अंगातल्या पोकळ्यांत घर देऊन ठेवतात. रिक्सियाने असा भाडेकरू ठेवलेला नाही. पण एका सायीत सगळे असल्याने एकाची कमाई मेल्यावर दुसऱ्याच्या मुखी लागते.

तिसरं काम आसऱ्याचं. एक चकती उचलून पाण्याच्या थेंबात झटका आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. उड्या मारणारे पांढरट स्प्रिंगटेल, वळवळणारे सूत्रकृमी, चक्र फिरवणारे रोटिफर, आणि नशीब असेल तर आठ पायांचं गुबगुबीत जलअस्वल. यातले कित्येक पाहुणे यजमानासारखेच आहेत. चकती सुकली की तेही सुकतात, भिजली की तेही चालू लागतात.

रिक्सिया दिसली म्हणजे निसर्ग शाबूत आहे असं मात्र समजू नये. ती घनदाट जंगलातली लाजरी बाहुली नव्हे. उलट तिला उघडी, थोडी तुडवलेली, गवताने अजून न झाकलेली जागा लागते. पायवाटेची कड, शेताचा बांध, मैदानाचा कोपरा, विटांच्या सांध्यातली माती, कापणीनंतरचं ओलं भातखाचर. मधली फट पकडून जगणारी ही वनस्पती, आणि फट बुजली की संपली. ब्रिटनमध्ये पीक कापल्यावर शेत हिवाळाभर खुंटांसकट मोकळं ठेवायची रीत होती. त्या ओल्या खुंटांमध्ये तिथल्या रिक्सिया आपला हंगाम उरकायच्या. आता बऱ्याच ठिकाणी शरदातच पुढची पेरणी होते आणि त्यांना वेळ पुरत नाही. आपल्याकडे फट बुजवायचं काम सोसायट्यांनी हाती घेतलंय. आमच्याच आवारात गेल्या वर्षी पेव्हर ब्लॉक बसले. चिखल गेला हे खरंच, मलाही बरं वाटलं. पण नळाजवळचा तो हातभर ओला पट्टाही त्याखाली गेला, आणि त्यात मला तीन वेगळ्या रिक्सिया सापडायच्या.

यकृतकांना कुणी फारसं खात का नाही, याचं एक सुंदर उत्तर २०२० साली जपानमधल्या संशोधनातून मिळालं. मर्केंशियाच्या काही पेशींत तेलाचे कण असतात. हे कण बनणारच नाहीत अशी मर्केंशिया तयार करून शास्त्रज्ञांनी ती कुंडीखाली सापडणाऱ्या, स्पर्श केला की गोळी होणाऱ्या किड्यांपुढे ठेवली. किड्यांनी साध्या मर्केंशियाकडे पाठ फिरवली आणि ही बिनतेलाची फस्त केली.

ज्यांच्या घरी माशांची टाकी आहे त्यांना रिक्सिया वेगळ्याच रूपात भेटलेली असते. पाण्यावर तरंगणारी एक जात आहे, बारीक बेचक्यांचं हिरवं जाळं. जपानच्या ताकाशी अमानो यांनी ती दगडाला बांधून पाण्याखाली वाढवली आणि ती रीत जगभर पसरली. दिवा लावला की तिच्या टोकाटोकावर प्राणवायूचे बुडबुडे मोत्यांसारखे लागतात. दुकानात दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढी घ्यायला गेलात तरी पैसे पडतात. काकूंना मी एकदा हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग तुमच्या कुंडीतली विका की.”

आणखी एक चकाकणारी नातलग आहे, सायथोडियम. जांभ्याच्या खाणीच्या ओल्या भिंतीवर, जुन्या विहिरीच्या कठड्याच्या आतल्या बाजूला, कपारींच्या अंधारात पावसाळ्यात ती उगवते आणि पोपटी चकाकते. ती स्वतः उजेड देत नाही. पेशींच्या इनमीन दोन पातळ थरांच्या अंगात जो मिणमिणता उजेड शिरतो तोच परतून दिसतो.

रिक्सियाची रचना इतकी साधी, की बरीच वर्षं ती जमिनीवरच्या अगदी पहिल्या वनस्पतींचा नमुना मानली जायची. जमिनीवरच्या वनस्पतींचे सर्वांत जुने बीजाणू सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडलेत आणि ते यकृतकांच्या बीजाणूंशी मिळतेजुळते आहेत, त्यामुळे या समजुतीला बळ आलं. लाहोरचे शिवराम कश्यप (१८८२–१९३४) यांना मात्र वेगळं दिसत होतं. हिमालयातल्या यकृतका गोळा करत त्यांनी उभी हयात घालवली. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानावरचा त्यांचा ग्रंथ १९२९ आणि १९३२ असा दोन भागांत निघाला. वनस्पतींच्या जीवाश्मांचे नामवंत अभ्यासक बिरबल साहनी हे त्यांचेच विद्यार्थी. कश्यपांचं म्हणणं असं, की साधेपणा हा नेहमी आरंभच असतो असं नाही; गुंतागुंतीच्या रूपातून एकेक भाग गाळत गाळतही साधं रूप येतं. आज जनुकांच्या आधारे वंशवृक्ष मांडला तर रिक्सिया बुडाशी नाही, मर्केंशियाच्या कुळगोतातल्या आतल्या फांदीवर बसलेली आढळते. देठ, तोंड, स्प्रिंगा तिच्या पूर्वजांकडे होत्या. हिने त्या टाकल्या, कारण खळग्यात राहणाऱ्याला वाऱ्यावर बीजाणू उधळायचं यंत्र कशाला हवं?

पाहायची असेल तर जुलै ते ऑक्टोबर हा हंगाम. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवूनही काम भागतं. घरी न्यायची असेल तर चाकूच्या टोकाने नखभर पापुद्रा मातीसकट उचलावा, प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी वर्तमानपत्राच्या पुडीत बांधावा आणि पुडीवर जागा आणि तारीख लिहावी. नुसतं पाहून जात ओळखायला जाऊ नये. ती बीजाणूंच्या कवचावरच्या नक्षीवरून ठरते, आणि त्यासाठी काळे ठिपके पिकेपर्यंत थांबावं लागतं.

काकूंच्या शंकेचं उत्तर राहिलंच. रिक्सियाने तुळशीचं मूळ कुजत नाही. तिचे मूलाभ तुळशीच्या मुळांच्या आसपासही पोहोचत नाहीत आणि ती तुळशीचं अन्न खात नाही. मात्र चकत्या फार दाट झाल्या तर कुंडीची माती घट्ट बसलीय आणि वरचा थर सतत ओला राहतोय एवढं ती सांगते. अशा वेळी कुंडीच्या बुडाचं भोक तुंबलंय का ते बघावं. गेल्या वर्षी मी बघितलं, तुंबलं होतं.

कार्तिकात तुळशीच्या लग्नाआधी काकू स्वतःच आल्या, खुरपं घेऊन. आम्ही कुंडीला गेरू लावला, वरची माती उकरून सैल केली. तोवर चकत्या सुकून करड्या झाल्या होत्या. उकरलेली जास्तीची माती काकूंनी सहज उचलून आपल्या मोगऱ्याच्या कुंडीत टाकली. या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी गॅलरीतून हाक मारली, “अहो, ते तुमचं गलोलीवालं माझ्या मोगऱ्यात आलंय. काढू की ठेवू?”